वाटणीत गेलेली प्लेट

३ नोव्हेंबर
छापखान्याचा लांब शाफ्ट आलाय. दोन्ही टोकांना सेंटरच्या अण्यांमध्ये धरूनच कातावा लागणार, चकच्या जबड्यात धरला तर सरळ निघेल याचा भरवसा नाही. पण शाफ्टला फिरवणारी ड्राइव्ह प्लेट कुठाय? वाटणीत दादाने नेली! लेथ मला, प्लेट त्याला. दोन गल्ल्या सोडून तो नुसतं भोकं पाडायचं दुकान चालवतो. त्याला ती कशाला? मला अडवायला – दुसरं काय! आईच्या श्राद्धालाही आम्ही बोलत नाही. नाक घासत मी जाणार नाही.

५ नोव्हेंबर
आमच्या युलजिरो भागातली जुन्या सामानाची दुकानं पालथी घातली. आमच्या लेथचे आटे जुन्या मापाचे, एकही प्लेट चढेना. दुकानवाली योम काकू म्हणाली, "भावाकडे आहे ना? माग की. जीभ झडते का तुझी?"

६ नोव्हेंबर
स्वतःच करणार.

९ नोव्हेंबर
बिडाची चकती वाया गेली. आटे सैल झाले, प्लेट लेथवर लटलट हलते. एकत्र होतो तेव्हा आतले आटे दादा पाडायचा, बाहेरचे मी. आत गेलेलं हत्यार दिसत नाही, सगळं काम आवाजावर. तो डोळे मिटून ऐकायचा. मी कधी शिकलोच नाही – गरजच काय होती! आज फार एकटं वाटलं. किम्ची-भात तसाच राहिला.

१३ नोव्हेंबर
जमली! आधी लेथच्या नाकाची, म्हणजे प्लेट चढते त्या आट्यांच्या टोकाची, नक्कल कातली, मग ती घालून बघत बघत आटे पाडले. नव्या मशीनला करतात तसं सगळं केलं – वाळका मासा पांढऱ्या दोऱ्याने बांधून टांगला, तांदळाची दारू, माकगोली, शिंपडली. एरवी मासा दादा बांधायचा. माझी गाठ दोनदा सुटली.

शाफ्ट सरळ निघाला. योम काकूला मुद्दाम ऐकवलं, "आता मला कुणाच्या दारात जायची गरज नाही." तिला सांगितलं म्हणजे दादाला कळलंच.

१४ नोव्हेंबर
आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

१६ नोव्हेंबर
वहिनी आली. फडक्यात जुनी प्लेट. गंजाचा ठिपका नाही, तेल ताजं.

"हिच्यासाठी तरी तुम्ही घरी याल म्हणून ठेवली होती यांनी, भावजी. काल म्हणाले, 'देऊन ये. आता तो यायचा नाही.'"

ती गेल्यावर चढवून पाहिली. अलगद बसली.