अल्माची राष्ट्रीय कामगिरी

११ जून, सकाळ
उद्या गाई आल्पवर, म्हणजे डोंगरावरच्या उन्हाळी कुरणात, चढणार. बायकोशी, हेडविगशी, पैज पक्की झाली. सप्टेंबरात गाई गावात उतरतात, तेव्हा उन्हाळाभर सर्वांत जास्त दूध दिलेल्या गाईच्या कपाळावर लाकडी हृदय बांधतात. पुढे ते मालकाच्या गोठ्याच्या दारावर लागते. सासरे गेल्यापासून आमच्या दारावरचा खिळा रिकामा आहे. माझ्या अल्माने हृदय आणले, तर गोठा माझ्या शास्त्रीय पद्धतीने चालेल. न आणले, तर वर्षभर शेण मी काढायचे आणि त्याविषयी एकही व्याख्यान द्यायचे नाही. दुसरी अट हेडविगने जरा जास्तच मोठ्याने उच्चारली.

तिची ब्रुनीही जाते आहे. स्थूल, झोपाळू जनावर. योजनेत तिचा विचार केलेला नाही.

१४ जून
योजना. आयुष्यभर शाळेत जो भूगोल शिकवला, तो आता राबवायचा. आपल्या लिश्टेनस्टाइनचेच पाहा: एकीकडे ऱ्हाइन, दुसरीकडे डोंगर, मध्ये जेमतेम जागा. खनिजे नाहीत. समुद्र आपल्याला नाही आणि शेजाऱ्यांनाही नाही. तरी सुबत्ता आहे. का? कारण जे थोडे आहे, त्याचा नेमका उपयोग. निष्कर्ष: गाईला पुष्कळ गवत नको, नेमके गवत हवे. ते माथ्यावर, सरहद्दीच्या दगडाजवळ, चुनखडीच्या उतारावर उगवते.

हेडविग म्हणाली, "एगोन, देशाला चार कप्प्यांचं पोट नसतं." मुद्दा गौण.

२ जुलै
आल्पवर गेलो. गुराखी माइनराड याला उतार, ऊन आणि चुनखडी यांचा परस्परसंबंध जमिनीवर काठीने आकृती काढून समजावला. म्हणाला, "मास्तर, मला नापास केलंत तेव्हापण हीच आकृती होती." म्हणजे शिकवणे वाया गेले नव्हते.

मात्र कळप माथ्यावर न्यायला तो तयार नाही. दुपारी त्याचा डोळा लागल्यावर अल्माला स्वतः वर नेले. सरहद्दीच्या दगडापाशी मिठाचा मोठा खडा ठेवला. चटक लागली की ती आपणहून येईल.

३ जुलै
गुडघे धरले. दक्षिणेचा उष्ण वारा सुटला आहे. या वाऱ्याने आमच्या खोऱ्यात डोकी दुखतात आणि नवरा-बायको भांडतात, हे सर्वमान्य आहे. गुडघ्यांचेही तेच असणार.

२५ जुलै
अल्मा रोज आपणहून माथ्यावर जाते! प्रयोग यशस्वी. दुधाचे पहिले माप झाले. अल्मा जवळजवळ शेवटी. वारा. ब्रुनी त्याच वाऱ्यात पहिल्या काहींत. इतक्या जाड कातडीला वारा लागत नसावा.

९ ऑगस्ट, संध्याकाळ
माइनराडचा फोन. "मास्तर, तुमची गाय संध्याकाळी रिकामी येते हो. पिळून बघितलं, थेंब नाही." त्याला शांतपणे सांगितले, की हा गुंतवणुकीचा काळ आहे, परतावा नंतर मिळतो. त्याने लगेच फोन ठेवला. पटलेले दिसते.

२१ ऑगस्ट
उलगडा झाला. अल्मा मीठ चाटते, दगड ओलांडते आणि पलीकडे ऑस्ट्रियाच्या कुरणात उतरते. तिथली गवळण नोटबुर्गा तिचे दूध काढते. तिचे म्हणणे, "बाई वेळेवर येते, भरलेली येते, कुरकुर नाही. मग काय नुसती बघत बसू?" आता तर अल्मा मुक्कामालाही तिकडेच असते.

माइनराड पोट धरून हसत होता. "मास्तर, तिकडची माणसं रोज आपल्याकडे कामाला येतात. तुमची एकटीच उलटी निघाली!"

त्याला अर्थशास्त्र कळत नाही. छोटा देश निर्यातीवर जगतो. अल्मा निर्यात करते आहे. हेच तत्त्व हेडविगला समजावून सांगितले. ती ऐकत होती. ऐकता ऐकता फावड्याला नवा दांडा बसवत होती.

१४ सप्टेंबर
कळप उतरला. सगळे गाव रस्त्याच्या कडेला. घंटा दुरूनच ऐकू आल्या. सर्वांत पुढे, कपाळावर हृदय घेऊन, अर्धवट झोपेत: ब्रुनी.

माइनराड ओरडला, "मास्तर, हिला तुम्ही काही शिकवलं नव्हतं ना? तेच म्हटलं!" लोक नको तितके हसले.

हेडविगने डोळे पुसले. विचारले, तर म्हणाली, "वारा आहे."

१६ सप्टेंबर
अल्मा आली. गाडीतून, गळ्यात कागदी फुलांची माळ घालून. नोटबुर्गा स्वतः सोडायला आली होती. "आमच्या आल्पवरची सगळ्यांत दुभती हीच. पुढच्या वर्षी पण पाठवा हं, सर."

म्हणजे योजना बरोबर होती. केवळ देश चुकला. हे हेडविगला सविस्तर सांगायला सुरुवात केली. तिने बोट वर केले. दुसरी अट.

१७ सप्टेंबर, पहाट
शेण काढले. पुष्कळसे ब्रुनीचे.

खिळ्यावर हृदय आहे. जराही हलत नव्हते. तरी डोळे पुसावे लागले.

वारा नाही.