तीन उजेडांतली माय

माय, तुझा फोटो अजून झालेला नाही. दादानं सुरतेबाहेर कामरेजला फ्लॅट घेतलाय, रविवारी वास्तुशांत आहे. हॉलमध्ये बाबांच्या फोटोशेजारी तुझा लावायचा म्हणून तो रोज फोन करून माझं डोकं खातो. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण आमच्याकडे तुझा धड एक फोटो नाही. कॅमेरा दिसला की तू तोंडावर पदर ओढायचीस. "मना फोटू नको काढू व, मी काय हिरोईन शे का?" पोटची पोर दिवसभर मार्केटातल्या साड्यांचे फोटो काढते, आणि घरात ही गत! तुला वाचता येत नव्हतं. तरी लिहितेय, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगवत नाही.

शेवटी जुन्या डिस्कमध्ये आपल्या गोडादऱ्याच्या भाड्याच्या खोलीतले तीन फोटो सापडले. फोटो काढायला व्यापाऱ्याची एक मरून रंगाची, जरीच्या काठाची साडी मी घरी आणली होती. तू स्वयंपाकघराच्या दारात ती मांडीवर घेऊन सुटे धागे कापतेयस, मागच्या खिडकीत ऊन नुसतं रणरणतंय. फोटोत जरीची चमक सांभाळावी तर मरून रंग काळा पडतो, रंग सांभाळावा तर जरी पांढरी होते. म्हणून आम्ही एकाच जागेवरून तीन फोटो काढतो: कमी उजेडाचा, मधला, जास्त उजेडाचा. मग कॅमेऱ्यातल्या त्या तिन्ही रॉ, म्हणजे कच्च्या, फाइली जोडून एक एचडीआर फाइल करायची, म्हणजे उजेड आणि अंधार दोन्हींतलं सगळं दिसतं. फक्त मधे कुणी हलायचं नाही. तुला म्हटलंही होतं, "माय, हलू नको." तू आणि न हलणार!

परवा तुझ्या तिन्ही फाइली जोडल्या. पंख्यानं पदर हलतो, म्हणून आमच्या कामात हललेलं पुसून टाकायचं सेटिंग कायम चालूच असतं. सवयीनं ते तसंच राहिलं. फाइल उघडली. खिडकीबाहेरचा नळ दिसतोय, मांडणीवरचा डबा न डबा ओळखू येतोय, जरी लखलखतेय, आणि तुझ्या तोंडाच्या जागी नुसता अंधार; तू हललीस, म्हणून तिथं एकट्या कमी उजेडाच्या फोटोतलं तेवढं उरलेलं. ढसाढसा रडले गं. सेटिंग बंद करून पुन्हा जोडलं, तर तुझी तीन तोंडं एकात एक मिसळलेली. एक कात्रीकडे, एक चुलीवरच्या दुधाकडे, एक माझ्याकडे. दादा चिडला. "हार घालायचाय तिला. हे असलं काय लावू भिंतीवर?"

आता जोडत नाही. जास्त उजेडाची एकटी रॉ फाइल घेतलीय, एकीतूनही थोडंफार एचडीआर निघतं, तेच करतेय. खिडकी पांढरीफट, जरीची पार वाट लागलेली. लागू दे. पण तुझा चेहरा आहे. तू माझ्याकडे बघतेयस, ओठ उघडे आहेत, काहीतरी सांगतेयस. दादाला दाखवला तेव्हा त्यानं विचारलं, "काय म्हणत होती गं माय?" मी म्हटलं, "जेवी ले, म्हणत होती." तो तोंड फिरवून कितीतरी वेळ रडत राहिला, नि मी त्याला रडू दिलं.

माय, तू काय म्हणालीस ते मी ऐकलंच नव्हतं. माझं सगळं लक्ष जरीकडे होतं.