बांधावरच्या बाबाचा शेंदूर

भागे, सगळ्यात आधी कोण आला असेल तर धाकलू. पाहुणे यायचे होते मुंबईहून, आमचं दूध पण अजून तापलं नव्हतं, आणि हा इस्त्रीचा सदरा घालून, केसांना तेल चोपडून पडवीतल्या मधल्या खुर्चीवर बसलेला, जसे काय पाहुणे त्यालाच बघायला येणार. पण थांब. आधी रीतीचं लिहिते, नायतर म्हणशील थोरली बहीण म्हातारपणी माणसात राहिली नाय. तुला, तुझ्या घरधन्याला, लेकरांना आणि गोठ्यातल्या जनावरांना माझा आशीर्वाद पोचो. तुझा गुडघा कसा आहे? निरगुडीचा पाला बांधतेस की नुसतीच कण्हतेस? आमच्याकडं सगळे धडधाकट, वालाच्या शेंगा घरापुरत्या आल्या, भेंडीला भाव नाय, आणि माझी कवळी सापडली (कणगीत होती, तिथं कशी गेली ते विचारू नको). फोनच केला असता, पण तुमच्या सिद्धगडाच्या पायथ्याला रेंज येते ती पाण्याच्या टाकीवर चढलं तरच, आणि तू टाकीवर चढलीस की तुझी सून खालून ओरडून विचारते, मावशी काय म्हणतात? मग तू वरून ओरडून सगळ्या पाड्याला सांगतेस. म्हणून हे पत्र. भेंडीचा टेम्पोवाला आहे ना, संदेश, तो मुरबाडला जातोय, त्याच्या हाती देते. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, वेलांट्या जिथं पडल्या तिथं पडल्या.

तर धाकलू. माझा चुलत दीर, आणि बांधाचा शेजारी. आमचं भाताचं खाचर आणि त्याचं खाचर यांच्यामधे एकच बांध, आणि त्या बांधावर आपला बाबा. तू बघितलाच आहेस. कमरेएवढा दगड, पण पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर खाऊन आता अंगानं माझ्याहून भरलाय. वरचे चंद्र-सूर्य तेवढे दिसतात. गावात लग्न झालं की नवी जोडी पहिली त्याच्या पाया पडते. धाकलू दर साली नांगरताना आमच्या अंगाचा बांध टीचभर खातो, पण बाबापाशी आला की त्याला नांगर उचलावाच लागतो, कारण दगड काय त्याच्या बापाला सरकत नाय. म्हणून आमची जमीन अजून आमची आहे, नायतर एव्हाना हा आमच्या चुलीपाशी भात लावत असता. आता त्याला मुंबईची एक पार्टी भेटली आहे, फार्महाउस बांधणारी. जागा पसंत, आंबे पसंत, फक्त गाडी आत जायला रुंद वाट पाहिजे, आणि वाटेत नेमका बाबा उभा. समजलीस ना?

आणि पाहुणे कशाला, तर रेश्मापायी. आपल्या ज्ञानेश्वरची पोर, माझी नात, इतिहासाची मोठी परीक्षा पास झाली ते तुला ठाऊक आहे (पेढ्यांचा डबा तू एकटीनं संपवलास, ते मला ठाऊक आहे). तिनं मुंबईच्या एका मंडळाकडं अर्ज केला होता. मध्ययुगाचा अभ्यास करणाऱ्यांचं मंडळ. ते दरसाल एखाद्या होतकरू पोराला नायतर पोरीला अनुदान देतात, मोठी परिषद भरवून तिथं निबंध वाचायला उभं करतात, आणि निबंध चांगला निघाला तर पुरस्कार. रेश्मानं अर्जात आपल्या बाबाला घातलं. मी विचारलं, हे मध्ययुग म्हणजे काय गो? म्हणाली, आजी, अगदी जुनं पण नाय आणि नवं पण नाय, त्याच्या मधलं. म्हटलं, म्हणजे मधल्या सुनेसारखं. थोरलीला मान, धाकटीचे लाड, आणि राबायला मधली. मी या घरची मधली सून, पन्नास वर्षांत कुणी माझ्यावर परिषद भरवली नाय. त्या दिवसापासून मला मध्ययुगाबद्दल माया वाटायला लागली, खोटं नाय सांगत.

पाहुणे दोघं. एक दाबके सर, सत्तरीचे, पायात पांढरे बूट (त्यातला एक पाटाच्या चिखलात गेला, तो ज्ञानेश्वरनं फावड्यानं काढला). दुसऱ्या संजीवनी मॅडम, पन्नाशीच्या, डोळ्यावर एक चष्मा आणि गळ्यात एक. अनुदानाची किल्ली त्यांच्याकडं. सरांना पुरस्कार मिळालेला आहे आणि मॅडमना अजून मिळायचा आहे. हे दोघांनी सांगितलं नाय, पण दोन जावांमधे एकीच्या हातात सोन्याचे गोठ आणि दुसरीच्या नुसत्या काचेच्या बांगड्या असल्या की बसण्यावरून कळतं, तसं कळलं. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खाऊन मंडळी बाबापाशी गेली, आणि तिथं जुंपली. सर म्हणाले, बारावं शतक. मॅडम म्हणाल्या, चौदावं. शेंदराखाली काय आहे ते दोघांपैकी कुणीच बघितलेलं नाय बरं का! तरी एवढे तापले की मी ज्ञानेश्वरला खुणेनं फावडं लपवायला सांगितलं. आपल्याकडं टीचभर बांधासाठी माणसं डोकी फोडतात, इथं तर दोनशे वर्षांचा पट्टा होता.

मंडळी परत पडवीत येऊन बसली, मग मुद्दा निघाला. वर चंद्र-सूर्य आहेत म्हणजे खाली अक्षरं असणार, असं सर म्हणाले. आमच्या सुनेला राहवतं कुठं, तिनं विचारलं, आणि अक्षरांच्या खाली काय असतं हो? सरांनी सुनेकडं बघितलं, शेजारच्या बाया डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या त्यांच्याकडं बघितलं, आणि त्यांना असा खोकला लागला की रेश्मा पाणी आणायला धावली. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मला पण खोकला आला. (हे ध्यानात ठेव.) मॅडम म्हणाल्या, शेंदूर उतरवायचा, अक्षरांचा कागदावर ठसा घ्यायचा, आणि ते मार्चअखेरच्या आत, कारण त्यानंतर अनुदान परत जातं. इथं जमत नसेल तर दगड मुंबईला नेऊन साफ करता येईल. एवढं ऐकलं मात्र, धाकलू खुर्चीसकट उठला. टेम्पो माझा, डिझेल माझं, उचलायला माणसं माझी! बाबा काचेच्या घरात राहील, गावाचं नाव होईल! भागे, या माणसानं सख्ख्या आईच्या, बाईजाच्या, तेराव्याची भांडी आपल्याच टेम्पोतून आणली आणि त्याचं भाडं भावाकडून वाजवून घेतलं होतं.

मग मी उठले. लुगडं खोचलं, बांधावर गेले आणि बाबाला पाठ लावून बसले ती बसलेच. सगळे मागोमाग आले. म्हटलं, तुमी शिकलेली माणसं, जेवलात, आमाला बरं वाटलं. पण बाबा जागचा हलणार नाय आणि त्याचा शेंदूर निघणार नाय. उद्या मी तुमच्या घरी आले आणि म्हटलं, आजोबांचं धोतर जरा सोडा, आत काय लिहिलंय वाचू, तर सोडाल? सर पुन्हा खोकले. ज्ञानेश्वर म्हणाला, आई, ऊन लागेल. म्हटलं, छत्री आण. धाकलू म्हणाला, वहिनी, जगाच्या पुढं कशाला जातेस? म्हटलं, मी जागची हललेच नाय, पुढं सरकायची सवय तुझी. बाया फिदीफिदी हसल्या. रेश्मा तेवढी हसली नाय. जवळ येऊन हळूच म्हणाली, आजी, माझं अनुदान. ते मात्र काळजाला लागलं गो. पोर दोन वर्षं उन्हातान्हात दगड बघत फिरली आहे, पायाची सालं निघाली. पण उठले नाय.

म्हटलं, बाबाला वाटलं की तो आपला आपण कवच टाकतो. नायतर कुणाच्या अंगात येऊन सांगतो. त्याला मार्च कळत नाय आणि एप्रिल कळत नाय. तर मॅडमनी दुसरा चष्मा लावला, वही काढली आणि विचारलं, साधारण कधी येतं अंगात? सकाळी की दुपारनंतर? (बाई मनानं वाईट नाय.) म्हटलं, त्याला अर्ज करावा लागत नाय, चहापाण्यानंतर कधीही येतं. त्यांनी ते लिहून घेतलं. मंडळानं माझ्यासाठी सन्मानाची शाल आणि नारळ पाठवला होता, ठेवा जपणारी म्हणून. तो आता द्यायचा की शेंदूर निघाल्यावर, यावरून दोघांचं परत जुंपलं, तेव्हा मीच हात पुढं केला. शाल ठेवून घेतली, नारळ तिथल्या तिथं बाबाला फोडला. शाल ऊबदार आहे, मानेला जरा टोचते. पुरस्कार असाच असतो म्हणे.

पाहुणे गेले, धाकलू त्यांना गाडीपर्यंत पोचवून आपला नंबर देऊन आला, आणि मी संध्याकाळी चव्हाट्यावर सगळ्या गावासमोर सांगितलं, माझ्या अंगात जीव आहे तोवर बाबाला नख लागू देणार नाय. सगळं गाव माझ्या बाजूनं आहे. दोन बायांनी तर माझीच ओटी भरायची बाकी ठेवली. असा सगळा थाट आहे बघ. लहानांना पापा, मोठ्यांना नमस्कार, गुडघ्याला पाला.

तुझी थोरली बहीण,
सकू

(सूनबाई, तू मोठ्यानं वाचून दाखवते आहेस ते मला इथून दिसतंय. छान वाचलंस. आता कागद सासूच्या हातात दे आणि चुलीवर चहा टाक. पुढं नुसतं गुडघ्याच्या औषधाचं आहे.)

ता. क. भागे, एकटी आहेस? दार लावलंस? आता आठव. माझं लग्न झालं तेव्हा तू पाठराखीण म्हणून आलेलीस, फुलाफुलांच्या झग्यात. दुसऱ्या दिवशी पहाटे सासूनं मला बाबाच्या पायावर घालायला नेलं, तू मागं मागं. तर बाबानं रातोरात कवच टाकलेलं, शेंदराचा सगळा थर पायाशी तडकून पडलेला, आणि दगडावर ती बाई आणि ते गाढव. सासूनं आपला पदर दगडावर टाकला, मी डोळे मिटले, आणि तू खड्या आवाजात विचारलंस, ताई, ते गाढव काय करतंय? सासूनं तुझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला आणि मला शेंदूर-तेल आणायला पिटाळलं. ऊन चढेपर्यंत आमी दोघी माखत होतो. तुला गूळ आवडला, म्हणून तू आठवडाभर तेच विचारत राहिलीस. तर मी बाबाला पाठ लावून बसले ती भक्तीनं नाय गो. गावातली प्रत्येक नवी जोडी ज्याच्यापुढं डोकं टेकवते, त्याच्यावर ते कोरलेलं! सुनांच्या देखत कसं उघडं करू? दाबके सरांना पण ठाऊक आहे. म्हणून तर आमी दोघं खोकलो.

दुसरी ता. क. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. रेश्मा माझ्याशी बोलत नव्हती. परवा दुपारी आमी दोघी वाल सोलत बसलेलो, मीच म्हटलं, तुझ्या मोबाईलमधे बाबासारखे दगड आहेत का? तिनं एक दाखवला. तेच! मी मोबाईल पालथा ठेवला. मग हळूच परत सुलटा केला. त्याला गधेगळ म्हणतात. कुण्या राजानं कुणाला तरी जमीन दान दिली आणि दगडावर कोरून ठेवलं, की ही जमीन जो बळकावील त्याच्या आईचं गाढवाबरोबर असं होईल. शिवी आहे गो ती! आपण इतकी वर्षं शिवीला नारळ फोडला. मी एवढी हसले की सुपातले वाल अंगणभर झाले, आणि पोरगी पण हसली, कितीतरी दिवसांनी. म्हणजे बाबा उगाच नाय बांधावर उभा. तो धाकलूचीच वाट बघत उभा आहे. आणि रेश्मा म्हणते, अक्षरं वाचून मंडळाच्या ग्रंथात फोटोसकट छापली की बाबा कुठं उभा होता ते जगाला ठाऊक होईल, मग त्याला टेम्पो लावायची कुणाची छाती होणार नाय. तर मला आता शेंदूर काढायचा आहे. जागेवरच, सगळ्या गावासमोर, धाकलूला पुढच्या खुर्चीवर बसवून. सुनांनी बघितलं तर बघू देत, लग्न झालेल्या आहेत. पण मी चव्हाट्यावर शब्द देऊन बसले आहे, तो माघारी कसा घेऊ? म्हणून तू ये. तुझ्या अंगात येतं हे दोन्ही तालुक्यांना ठाऊक आहे. चहापाणी झालं की घुमायला लाग आणि सांग, माझं ओझं उतरवा, पण मला जागचं हलवू नका. खरंच आलं तर उत्तमच, नाय आलं तरी तुझं अडत नाय. गेल्या साली देवीनं तुझ्या अंगात येऊन सुनेकडं मिक्सर मागितला आणि तो मिळाला, म्हणजे शब्दाला वजन आहे. या वेळी मिक्सर मागू नको.

शेवटची ता. क. एक दुरुस्ती राहिली. बांध खाल्ला धाकलूनं, आणि गाढव बिचाऱ्या बाईजाच्या नशिबी? मी नवी सून असताना सासूची नजर चुकवून सुक्या बोंबलाचं कालवण मला आणून देणारी ती एकच बाई या गावात होती. तिनं कुणाचा काय बांध खाल्ला? सर म्हणोत बारावं शतक नायतर मॅडम म्हणोत चौदावं, लिहिणारा पुरुष होता हे मी एक अक्षर न वाचता सांगते. तर घुमताना खणखणीत बोल, की इथून पुढं शाप ज्याचा त्याला. आई, बहीण, बायको कुणाला मधे घ्यायचं नाय, गाढवानं थेट बळकावणाऱ्याकडं जायचं. हे दोनदा म्हण, म्हणजे संजीवनी मॅडमना लिहून घेता येईल आणि रेश्माच्या निबंधात पण बसेल. आदल्या दिवशीच्या एस.टी.नं ये, गूळ मी आणून ठेवते. सर आणि मॅडम येत्या बुधवारी परत येतो म्हणून सांगून गेलेत.