कोकिळेचे घर आणि रंगरावाची सही

मी, तानुबाई भ्र. कारभारी काकडे, वय अंदाजे साठ, धंदा शेती व सुईणपण, राहणार बीबी, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही धाकाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहवून ठेवते. राग आहे, पण रागावलेली बाई वेडी ठरत नाही.

१. रझाकारांच्या जुलमाने आम्ही जालन्याकडचे गाव सोडून इकडे छावणीत आलो. तिथे माझी जाऊ रुखमा पाचव्यांदा बाळंत झाली. पुढचे बाळंतपण तिला झेपणार नाही हे माझ्या हाताला कळले. पण सुईणीने सांगायचे ते बाहेर बसलेल्या पुरुषाला, ही आमची रीत. मी तिला न सांगता तिच्या नवऱ्याला, दीर अर्जुनरावांना सांगितले. ते म्हणाले, "वयनी, त्यायनं आपले सात माणसं मारले. ते भरून काढा लागतीन." वर्षभरात रुखमा पोटातल्या लेकरासकट गेली. तिला कोणी विचारलेच नाही. मीही नाही, आणि ते मला अजून जाळते. सबब अर्जुनरावांना माझ्याकडून काही नाही. त्यांनी माझ्या तिरडीला हातही लावू नये.

२. नाळ कापायचा विळा विहिरीत टाकावा. नर्सबाई कात्री उकळून घेते, तेच बरे.

३. मी स्वकष्टाने बांधलेले दोन खोल्यांचे घर सून कोकिळा हिच्या एकटीच्या नावे. तिला चार मुली. चौथीच्या वेळी मरता मरता वाचली. या खेपेला मी दाराबाहेर गेले नाही, कळले ते तिलाच सांगितले. ती म्हणाली, "मले आता लेकरू नको, आत्याबाई. मी आपरेशन करतो." दवाखान्यात गेली, तर नवऱ्याची सही आणा म्हणाले. पोट तिचे, कळा तिच्या आणि सही रंगरावाची! आणि आमचे चिरंजीव पोरासाठी अडून बसलेले.

४. माझ्या नावची चार एकर जमीन मुलगा रंगराव याला, पण दवाखान्याच्या कागदावर त्याने सही केली तरच. नाहीतर तीही कोकिळेची.

रंगराव समोर बसून ऐकतो आहे. आत्ताच म्हणाला, "माय, मले विकत घेऊन राह्यली काय?"

"हाव. रुखमाच्या वक्ती माह्यापाशी काहीच नव्हतं."

वामनराव मास्तर, हेही लिहा.

बीबी, ता. ९ मार्च १९६८
तानुबाई, डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: सत्यभामाबाई, अंगठा, कलाबाई, सही
लिहिणार: वामनराव

दवाखान्याच्या कागदावर आज सही केली. रंगराव कारभारी काकडे.

तानुबाईंच्या सांगण्यावरून शेवटची ओळ: ही सही कागदाला हवी होती. कोकिळेने तर आधीच ठरवले होते.