माझ्यावर बंदी येणारच

३ जानेवारी, सकाळी ८
चष्म्याच्या सिनेमावर बंदी आली! पेपरात पहिल्या पानावर फोटो. 'वादग्रस्त दिग्दर्शक' म्हणे. सात वर्षं माझा असिस्टंट होता, क्लॅप उलटा धरायचा. वादग्रस्त मी! सेटवर भोंग्यातून शिंकतो, हिरोला 'ए वस्तू' म्हणून हाक मारतो. त्याने काय केलंय? सूड घेणार. असा सिनेमा काढीन की रस्ते पेटतील.

४ जानेवारी
बायकोला प्लॅन सांगितला. म्हणाली, रस्ते नंतर पेटवा, आधी गॅस पेटत नाहीये तो बघा.

११ फेब्रुवारी
शूटिंग. आज समाजाच्या थोबाडीत मारणारा सीन: सून सासऱ्याला उलट उत्तर देते. कॅमेरामन म्हणाला, आमच्याकडे रोजच होतं. झापला त्याला, भोंग्यातून.

२ मे
सिनेमा सेन्सॉरकडे गेला. पाठोपाठ स्वतःविरुद्ध तीन निनावी तक्रारी धाडल्या, डाव्या हाताने लिहून. चष्म्या, तुझे दिवस भरले!

१९ मे
एकही कट नाही. वर शिफारस, शाळांमधून दाखवावा. कारस्थान! कट मिळावेत म्हणून अपील करायला गेलो. क्लार्क म्हणाला, असा फॉर्मच नसतो.

५ जून
पोलीस संरक्षण मागितलं. इन्स्पेक्टरने विचारलं, कुणापासून? म्हटलं, खवळलेल्या जनतेपासून. तो म्हणाला, जनतेला कळवलंय का? शेवटी एक हवालदार दिला. जनतेची जबाबदारी मेहुण्यावर टाकली आहे.

८ जून, शुक्रवार
रिलीज. मेहुण्याने ऑफिसातले चौघे आणले. 'संस्कृतिद्रोही दिग्दर्शक, चालता हो!' फलक मीच रंगवले होते. ऊन फार म्हणून चौघे थिएटरच्या एसीत जाऊन बसले आणि फलक मांडीवर घेऊन घोरले. हवालदार मात्र डोळे पुसत बाहेर आला. म्हणाला, फार गोड सिनेमा, उद्या आईला आणतो. गोड! त्याची तक्रार करणार.

१५ जून
सिनेमा उतरला. चष्म्याचा फोन आला. मुद्दाम सहा रिंग वाजू दिल्या. म्हणाला, सर, नव्या सिनेमात एक आजोबा आहेत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तुम्हाला मेकअपही लागणार नाही. मी ताडकन फोन आपटला.

बायकोला म्हटलं, बघ, सावज आपणहून आलं. आता त्याच्याच सेटवर घुसून आतून सुरुंग लावतो. ती म्हणाली, लावा.

दहा मिनिटांनी मीच फोन केला. कडक आवाजात विचारलं, किती वाजता यायचं?

सहाला, म्हणाला. आणि सर, जरा वेळेवर या.

हो म्हटलं.