चार वाजता निळा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंद्याने कवळ्या बनवणारी आणि आता निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वतःच्या हाताने, कोणीही आग्रह केलेला नसताना लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. वकीलबाई म्हणाल्या, डॉक्टरांचा दाखला जोडा. तो जोडला आहे. शिवाय समोरच्या चष्मेवाल्यांकडून मला सगळे रंग नीट ओळखता येतात असाही दाखला आणून जोडला आहे, कारण पुढच्या वाटपाला डोक्यापेक्षा डोळे जास्त लागणार आहेत. याआधी मी एकदा रागाच्या भरात कॅलेंडरच्या पाठीवर मृत्युपत्र लिहिले होते. ते धरू नये.

कलम १. घर. आईच्या घराचा अलीकडचा अर्धा भाग माझा आहे. तो माझ्या भाचीला मिळावा. पलीकडचा अर्धा तिच्या आईचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा आहे. मध्ये अर्ध्या विटेची भिंत आहे. ती कोणीही जाड करू नये. का, ते कलम चारमध्ये येईल.

कलम २. बँकेत जे काही असेल तेही भाचीलाच. त्यावर एवढी एकच ओळ खर्च करते.

कलम ३. अवजारे. पॉलिशची मोटर, घासायच्या चकत्या आणि बारीक करवत भाचीच्या दुकानात जाव्यात. ती बाजारात कॉम्प्युटर जोडून देण्याचे दुकान चालवते आणि तिचा हात माझ्यावर गेला आहे. ज्या दातांच्या डॉक्टरांकडे मी अडतीस वर्षे काम केले, त्यांच्यासाठी एक दात ठेवला आहे, फक्त एक. पेशंट कवळी घालून आरशात बघून हसला की डॉक्टर म्हणायचे, "बघा, कसा जमलाय आपला हात!" तो हात माझा असायचा. मी रंगावर अडून बसले की तेच म्हणायचे, "पांढरा तो पांढरा, त्यात काय एवढं?" ठेवलेला दात त्यांच्या तोंडातल्या दातांपेक्षा दोन छटा पिवळा आहे. पुढेमागे त्यांना लागला तर त्यांनी तोच बसवून घ्यावा.

कलम ४. पेटी. हे कलम लांब आहे. वाचणाऱ्याने आधी चहा घ्यावा.

आमच्या धंद्यात शेड गाइड नावाची एक पट्टी असते. तिच्यावर नमुन्याचे सोळा दात असतात आणि सोळाही पांढरे असतात, कोणी पिवळटाकडे झुकलेला, कोणी करड्याकडे. अडतीस वर्षे मी त्या सोळा पांढऱ्यांत काढली. निवृत्त झाल्यावर भाचीच्या दुकानात गेले, तर तिथे एक कॉम्प्युटर काचेच्या कुशीतून जांभळा, हिरवा, गुलाबी असा झगझगत होता. मी विचारले, "यात रंग किती?" भाची म्हणाली, "मावशी, एक कोटी सदुसष्ट लाख." मला खुर्ची घ्यावी लागली.

घरी येऊन मी कामाला लागले. ॲक्रिलिक कसे कापायचे, घासायचे आणि आरशासारखे करायचे हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यात बसतात ते कॅबिनेट, म्हणजेच ही पेटी, मी हाताने बनवले, इतके पारदर्शक की भाची आत हात घालायला गेली आणि बोट आपटून बसली. आत चार पंखे, कडेने एलईडीची पट्टी, कोपऱ्यात काडेपेटीएवढा कंट्रोलर, आणि माझ्या हातात रिमोट. मी पहिला लावला निळा. दातांत कधीच न सापडणारा रंग. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

भाची म्हणाली, "मावशी, एका गिऱ्हाइकाला अस्सेच दुसरे हवे आहे." मी दुसरेही बनवले आणि पहिल्यापेक्षा जास्त घासले. गिऱ्हाईक कोण, हे मी विचारले नाही. चुकलेच.

त्यानंतर पेटी बिघडली. मी निळा लावायचा आणि दुपारी चारच्या सुमाराला तो आपला आपण नारिंगी व्हायचा. मी पुन्हा निळा करायचा, तो पुन्हा नारिंगी. मी पेटी अकरा वेळा उघडली. तारा बदलल्या, कंट्रोलर उलटा लावला, भाचीला तोंडाला येईल ते बोलले. ती नुसती ओठ चावत उभी. मला वाटले, पोरगी शरमली. ती हसू दाबत होती, हे आठ महिन्यांनी कळले.

इथे धाकटीबद्दल सांगणे भाग आहे. ती मुख्याध्यापिका होती आणि अजूनही आहे, फक्त शाळा उरलेली नाही. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी फोटो निवडताना तिने आईचा हसरा फोटो उचलला आणि म्हणाली, "हे हसू आईचं नाही, तुझ्या कारखान्याचं आहे. या वयात कोणाचे दात इतके पांढरे असतात?" मी म्हणाले, "मग रडका लाव." ती उठून गेली. त्यानंतर सहा वर्षे आम्ही बोललो नाही. मध्ये अर्धी वीट आणि दोघींचे नाक.

नंतर मला ताप आला. दोन दिवस मी पलंगावर पडून होते आणि रिमोटला हात लावला नव्हता. पेटी दोन्ही दिवस नारिंगीच राहिली. तिसऱ्या दिवशी चार वाजता ती उघडझाप करू लागली: पांढरा, नारिंगी, पांढरा, नारिंगी. मी बघतच राहिले. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, सहा वर्षांत पहिल्यांदा, "अगं ए, जिवंत आहेस ना? निळा कर की!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसरे गिऱ्हाईक धाकटी होती. दोन्ही कंट्रोलर एकाच बनावटीचे, दोन्ही रिमोट एकाच ठशाचे, आणि त्यांची लहर भिंतीतून आरपार जाते. माझ्या बटणाने तिची पेटी बदलायची, तिच्या बटणाने माझी. तीही आठ महिने भाचीवर ओरडत होती. आणि नारिंगीच का, हे मला आधीच कळायला हवे होते. लहानपणी रंगांच्या एका डबीत आम्ही दोघी, मी निळा घ्यायची, ही नारिंगी. समुद्रसुद्धा नारिंगी रंगवायची आणि बाईंशी वाद घालायची.

मी पडल्या पडल्या रिमोट घेतला आणि निळा लावला. पलीकडून लगेच नारिंगी. ताप तिथेच उतरला.

तेव्हापासून रोज चार वाजता आमचे असे भांडण होते. बोलणे त्या एका वाक्याच्या पुढे गेलेले नाही. पण मला आता मरणाची भीती वाटते ती एवढ्याचसाठी, की मी गेल्यावर चार वाजता ती नारिंगी लावील आणि तो तसाच राहील. वाट बघून बघून तिला कळेल की आता कोणी निळा करणार नाही. ते मला सहन होत नाही. म्हणून पेटी आणि रिमोट भाचीला देते, या अटीवर की रोज चार वाजता तिने निळा लावावा आणि आपल्या आईला सुखाने जिंकू देऊ नये.

कलम ५. आईचा साचा. कवळी करताना घेतलेला आईच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा माझ्या कपाटात आहे. तो धाकटीला मिळावा. त्याच्यासोबत एक चिठ्ठी आहे, आईच्या अक्षरात: "सगळ्यात पांढरा. म्हातारीला शोभेल तो नको." मी तीन वेळा विचारले होते. आई म्हणाली, "जन्मभर पिवळ्या दातांपायी तोंडावर हात ठेवून हसले. आता जरा उघड हसते. पण धाकटीला सांगू नकोस, म्हणेल, या वयात नखरे." मी शब्द दिला. तो शब्द मी जिवंत असेपर्यंतचाच होता, असा सोयीचा अर्थ लावून हे लिहीत आहे.

कलम ६. हे कलम आज, सह्यांच्या वेळी वाढवले आहे.

दुसरे साक्षीदार म्हणून चष्मेवाल्यांचे भाऊ यायचे होते, त्यांच्या पाठीत उसण भरली. वकीलबाईंनी विचारले, "शेजारी कोणी नाही का?" मी रिमोट घेतला आणि दाबत राहिले: पांढरा, नारिंगी, पांढरा, नारिंगी. मिनिटभरात धाकटी दारात. कपाळावर चष्मा, हात ओले.

"काय गं ताई, निघालीस की काय?"

"नाही. सही हवी आहे."

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला वाचायची गरज नाही, फक्त सही करा." धाकटी म्हणाली, "न वाचता मी प्रगतिपुस्तकावरही सही केलेली नाही," आणि खुर्ची ओढून बसली. तिने सगळे वाचले. कलम पाच तिने दोनदा वाचले.

"म्हणजे आईनेच मागितले?"

"हो."

"आणि तू सहा वर्षं ऐकून घेतलंस?"

"तू बोलत कुठे होतीस, ऐकून घ्यायला?"

ती हसली, तोंडावर हात ठेवून, हुबेहूब आईसारखी. मी म्हणाले, "हात काढ." तिने काढला. मग आम्ही दोघी रडलो, हेही नोंदवून ठेवते.

वकीलबाईंनी डोळे पुसून कायदा सांगितला, की ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये. सही केली तर साचा जाईल. धाकटी म्हणाली, "मग साचा आत्ताच दे. तू गेल्यावर घेऊन काय करू, भांडू कोणाशी?" मी कपाट उघडून साचा आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली. सबब कलम पाच रद्द.

कलम चारवरही तिची हरकत आहे. "निळा लावायला पोरगी कशाला? तू गेलीस तर मी लावीन."

"तू? निळा?"

"तू गेलीस तर म्हटलं."

"आणि तू आधी गेलीस तर?"

"तर तू नारिंगी लावायचा. तोंड वाकडं न करता."

म्हणून कलम चारमध्ये अशी दुरुस्ती करते: दोघींपैकी जी मागे राहील तिने रोज चार वाजता दुसरीचा रंग लावावा. दोघी गेल्यावर दोन्ही रिमोट भाचीचे. तिने काय वाटेल ते करावे. आठ महिने हसू दाबल्याची तिला तेवढी शिक्षा पुरे.

वरील मजकूर मी दोनदा वाचला, धाकटीने तीनदा. तो माझ्या मनासारखा उतरला आहे.

लिहून ठेवणारी: कवळीवाली (सही)

साक्षीदार पहिले: समोरचे चष्मेवाले (सही)

साक्षीदार दुसरी: धाकटी, निवृत्त मुख्याध्यापिका (सही). शेरा: वाचले. आधी कोणी जायचे ते अजून ठरलेले नाही.

ठिकाण: आईचे घर, भिंतीच्या दोन्ही बाजू.

दिनांक: अठरा सप्टेंबर, दुपारचे चार वाजून वीस मिनिटे.

सह्या करतेवेळी पेटीचा रंग: नोंदवता आला नाही. तालीम म्हणून मी नारिंगी लावत होते, धाकटी आपला रिमोट आणून निळा लावत होती, आणि दोघींपैकी कोणीच थांबायला तयार नव्हती.