बाबांच्या तलवारीचं नाव

व्हेनिस, ३ मार्च १६८८

प्रिय ताई,

तुझं पत्र मिठाच्या गलबतावरून परवा पोचलं. तुझा गुडघा आता कमी दुखतो हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्ही सुखरूप आहोत. झानेताची तब्येत चांगली आहे, धाकटी चालायला लागली. ग्रीसकडे मोरियात तुर्कांशी लढाई चालू आहे तोवर तलवारींच्या कामाला खंड नाही.

बाबा वारल्याचं तुझ्या पत्रात वाचलं. लढाईवर निघण्याआधी ते मला भेटले होते का, असं तू पुन्हा विचारलंस. पूर्वी मी ‘नाही’ लिहिलं होतं. ते खोटं होतं.

तीन वर्षांपूर्वी ते दुकानात आले. त्यांच्या तलवारीच्या मुठीची जाळी उचकटली होती. बोर्तोलोमालक होते, त्यांची मुलगी झानेताही होती. तेव्हा आमचं लग्न ठरत होतं आणि मी स्वतःला इथल्याच पादुआ शहराचा म्हणवत होतो. समुद्रापलीकडच्या आपल्या शिबेनिकच्या किनाऱ्यावरच्या माणसाला ते मुलगी देणार नाहीत, असं मी धरून चाललो होतो.

मालकांनी तलवार फिरवून पाहिली आणि तुमच्याकडे हिला काय म्हणतात, असं विचारलं.

“तलवारच म्हणतो,” बाबा म्हणाले. “आणखी काय म्हणणार?”

मालकांनी सांगितलं, इथे हिला स्कियावोना म्हणतात. तुम्ही पलीकडच्या किनाऱ्यावरचे स्कियावोनी लोक ती बाळगता म्हणून. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बघ, अडाणी लोक, पण तलवारीला आपलं नाव देऊन बसले.”

ताई, मी हसलो.

बाबा मला हाक मारणारच होते. त्यांनी झानेताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“कधीपर्यंत करून द्याल तुम्ही?” त्यांनी विचारलं.

मला ‘तुम्ही’ म्हणाले.

ती जाळी मी दोन दिवस खपून नीट केली. तलवार न्यायला त्यांच्या तुकडीतला दुसराच शिपाई आला.

काल मी मालकांना सगळं सांगितलं.

“अरे, तू शिबेनिकचा आहेस हे तुझ्या बोलण्यावरून पहिल्याच आठवड्यात कळलं होतं मला,” ते म्हणाले. “त्या दिवशी मुद्दाम तसं बोललो, तू चिडतोस का बघायला. पण ते तुझे वडील होते? त्यांना बसा तरी म्हणायचंस.”

यातलं आईला किती सांगायचं ते तूच ठरव. मला येऊन सांगायचं धाडस नाही.

अजून भाऊ म्हणवत असेल तर, तुझा,
वित्स्को